मॅट, पेडल आणि चार गव्हर्नर

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी बातमी टाकली. एका कंपनीने ठरावीक काळात बनवलेल्या गाड्या फ्युएल पंप बदलायला परत बोलावल्या होत्या. त्या मॉडेलच्या गाड्या आमच्या पार्किंगमध्येही आहेत. पहिलं उत्तर बी विंगमधून आलं : ‘काका, प्लीज डिलीट करा ना. माझी गाडी विकायला काढलीये, उद्या पार्टी बघायला येणार आहे.’ काकांनी खरंच डिलीट केली, आणि वर हात जोडल्याची इमोजी टाकली. पंपाचं काय झालं हे कोणी विचारलं नाही.

मी क्वालिटीतली बाई. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि त्याआधी बरीच वर्षं मिशिगनमध्ये हेच काम केलंय. रिकॉल म्हटलं की मला २०१० चा जानेवारी-फेब्रुवारी आठवतो. टोयोटाच्या गाड्या आपोआप सुसाट सुटतात, हे प्रकरण तेव्हा पेटलं होतं आणि आम्ही होतो अमेरिकी मोटारधंद्याच्या गावात, डेट्रॉइटच्या उपनगरात, म्हणजे आगीच्या जवळ पण घर दुसऱ्याचं, अशा जागी.

त्या वेळचं डेट्रॉइट डोळ्यांसमोर आणायला हवं. आदल्या वर्षी क्रायस्लर आणि जनरल मोटर्स, दोघांनी दिवाळखोरी पुकारली होती. आमच्या ओळखीत घरटी एकाची तरी नोकरी गेलेली किंवा जायच्या बेतात. त्या गावात टोयोटा चालवणं म्हणजे थोडा निर्लज्जपणाच समजत. काही कारखान्यांत दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर लांबच्या लॉटमध्ये लावायची आणि बर्फातून चालत यायचं. तरी आपली मराठी मंडळी टोयोटा घ्यायचीच, कारण रीसेल. नोकरी फोर्डच्या सप्लायरकडे आणि दारात कॅमरी, हे आमच्याकडे सर्रास.

तर मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, तिळगूळ कोणाच्या तरी आईने भारतातून आणलेला, आणि दोन-तीन दिवसांपूर्वीच टोयोटाने आठ मॉडेलची विक्री थांबवलेली. नाटुकल्याकडे कोणाचं लक्ष नाही. एका बाजूला ‘आता कळेल जपान्यांना’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘अहो पण आमच्या कॅमरीचं काय?’ म्हणणाऱ्या. माझ्या जावेने तर जाहीर केलं की ती घरी जाताना नवऱ्याच्या फोर्डमध्ये बसणार, आणि कॅमरी नवऱ्याने आणावी.

मूळ गोष्ट २८ ऑगस्ट २००९ ची. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एक हायवे पोलीस अधिकारी सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन निघाला होता. स्वतःची लेक्सस (टोयोटाचाच महागडा ब्रँड) सर्व्हिसिंगला टाकलेली, म्हणून डीलरने दिलेली बदली लेक्सस ईएस ३५० हातात. गाडी सुटली ती थांबेचना. मागच्या सीटवरच्या नातेवाइकाने फोन लावून ब्रेक लागत नाही म्हणून सांगितलं. ते रेकॉर्डिंग पुढे साऱ्या देशाने ऐकलं. चौघंही गेले. पोलिसांच्या तपासात निघालं ते असं : त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची, मोठ्या एसयूव्हीची जाड रबरी मॅट टाकलेली होती आणि ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला होता. इंजिन बंद करायला किल्ली नव्हती, बटण होतं. चालत्या गाडीत ते तीनेक सेकंद दाबून धरावं लागतं. परक्या गाडीत ताशी शंभर मैलांवर हे कोणाला सुचणार?

आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला रात्री झोप लागू नये अशी एक गोष्ट त्या तपासात आहे. तीच गाडी काही दिवस आधी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला दिली होती, त्याचंही पेडल असंच अडकलं होतं, त्याने ते सोडवलं आणि गाडी परत देताना काउंटरवर सांगितलं. सांगितलं, आणि ते काउंटरवरच राहिलं.

मग मॅटसाठी सुमारे ३८ लाख गाड्यांचा रिकॉल निघाला. त्यानंतर २१ जानेवारी २०१० ला दुसरा, २३ लाख गाड्यांचा, आणि यात मॅटचा संबंध नव्हता. पेडलच चिकटत होतं. पूर्वी ॲक्सिलरेटरला तार असायची, तिचा ताण पायाला जाणवायचा. इलेक्ट्रॉनिक पेडल आलं तसा तो ताण गेला, म्हणून पायाला तोच अनुभव यावा यासाठी पेडलच्या आत मुद्दाम घासणारा एक प्लॅस्टिकचा तुकडा बसवतात. तो झिजला आणि थंडीत त्यावर दव जमलं की पेडल खाली राही किंवा सावकाश वर येई. पेडल बनवणारा सप्लायर शेजारच्या इंडियानातला. उपाय काय, तर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक स्टीलची पट्टी, शिम. ती आत सरकवायची, काम फत्ते. काही डीलरनी चोवीस तास वर्कशॉप उघडं ठेवलं होतं. आमच्या शेजाऱ्याने रात्री अकराला जाऊन शिम बसवून घेतली, वर फुकट कॉफी आणि डोनट.

इतकं साधं. पण साधं कोणाला चालत नाही. एका रबरी मॅटने माणसं मरतात हे पटायला जड जातं. त्यापेक्षा संगणकात काहीतरी दडलंय, कंपनी ते लपवतेय, हे पटकन पटतं. टीव्हीवर रोज नवीन तज्ज्ञ. एका मोठ्या वाहिनीने एका प्राध्यापकाचं प्रात्यक्षिक दाखवलं, गाडी आपोआप उसळते, सुई सर्रकन वर जाते. नंतर कळलं की सुईचा तो शॉट गाडी उभी असताना घेतलेला होता. ॲपलवाल्या स्टीव्ह वॉझ्निॲकने आपली टोयोटा प्रियस क्रूझ कंट्रोलवर आपोआप वेग घेते असं सांगितलं, ती एक वेगळी जत्रा. सरकारकडे येणाऱ्या तक्रारींचा पूर आला. गाड्या त्याच, रस्ते तेच, पण टीव्ही बघून लोकांना मागची दोन-दोन वर्षांपूर्वीची धडक आठवायला लागली. आमच्या ऑफिसात जुने लोक होते त्यांनी ऑडीची आठवण काढली. १९८६ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने ऑडी ५००० आपोआप पळते असं दाखवलं, कंपनीचा अमेरिकेतला धंदा पार बसला, आणि १९८९ मध्ये सरकारी अहवाल आला की बहुतेक प्रकरणांत लोकांनी ब्रेक समजून चुकीचं पेडल दाबलं होतं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता राजकारणी. माझ्या मते हा सगळ्यात बघण्यासारखा भाग आहे.

३ फेब्रुवारीला वाहतूक मंत्री रे लहूड यांनी संसदेच्या समितीसमोर सांगून टाकलं की ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांनी त्या चालवणं थांबवा आणि डीलरकडे न्या. मंत्री असं म्हणाले म्हटल्यावर काय होणार! शेअर कोसळला, डीलरचे फोन बंद पडायची वेळ. काही तासांतच लहूड म्हणाले, बोलण्यात चूक झाली, मला म्हणायचं होतं की शंका असेल तर डीलरला विचारा. माझी जाऊ मात्र पहिल्या वाक्यावरच ठाम राहिली. मंत्र्यांचं दुसरं वाक्य लोकांपर्यंत पोचत नसतं.

आणि हे मंत्री ज्या सरकारचे, त्या सरकारकडे तेव्हा जनरल मोटर्सचे सुमारे ६० टक्के शेअर होते. म्हणजे एका दुकानाच्या मालकाने समोरच्या दुकानाचं वजनकाटा तपासणीचं काम हाती घेतलेलं. जनरल मोटर्सनेही वेळ दवडली नाही. टोयोटा देऊन आमची गाडी घ्या, हजार डॉलरपर्यंत सूट किंवा बिनव्याजी कर्ज, अशी जाहिरात लगेच आली. फोर्ड आणि ह्युंदाईही मागे राहिले नाहीत. कॅलिफोर्नियात टोयोटा आणि जनरल मोटर्सचा फ्रीमाँटचा जुना संयुक्त कारखाना टोयोटा बंद करायला निघाली होती, म्हणून कामगार संघटना आधीच खवळलेली. तिनेही या रिकॉलचं कोलीत हाती घेतलं. (तो कारखाना पुढे टेस्लाने घेतला, पण ते तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.)

याच्या उलट, केंटकी, इंडियाना, अलाबामा आणि मिसिसिपी या चार राज्यांच्या गव्हर्नरांनी संसदेला पत्र लिहिलं : टोयोटाला न्यायाने वागवा, आणि सरकार स्वतःच एका स्पर्धक कंपनीचं मालक आहे हे विसरू नका. चौघांत तीन रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट. पक्ष वेगळे, पण चारही राज्यांत टोयोटाचे कारखाने, एक तर अर्धवट बांधलेला. सिनेटच्या ज्या समितीने २ मार्चला सुनावणी घेतली तिचे अध्यक्ष जे रॉकफेलर हे वेस्ट व्हर्जिनियाचे, आणि त्या राज्यात टोयोटाचा कारखाना आणायला ते स्वतः खपले होते. मिशिगनचे प्रतिनिधी कुठल्या बाजूने बोलत होते हे सांगायला नको. आमच्या ऑफिसात एकाने अमेरिकेच्या नकाशावर टोयोटाच्या कारखान्यांना लाल टाचण्या लावल्या होत्या. सुनावणीत नवीन माणूस बोलायला उभा राहिला की आधी नकाशा बघायचा आणि मग तो मऊ बोलणार की कडक यावर कॉफीची पैज लावायची. ती पैज जिंकणं फारच सोपं होतं, म्हणून बंद पडली.

२४ फेब्रुवारीला अकिओ टोयोडा वॉशिंग्टनमध्ये समितीसमोर आले. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष, संस्थापकांचे नातू. आमच्या कॅन्टीनमध्ये टीव्ही लावला होता. त्यांनी निवेदन इंग्रजीत वाचलं आणि पुढची उत्तरं दुभाष्यामार्फत जपानीत दिली. प्रत्येक गाडीवर माझं नाव आहे म्हणाले. आधी सुरक्षितता, मग गुणवत्ता, मग संख्या, हा आमचा क्रम होता, वाढीच्या नादात तो विस्कटला, असंही म्हणाले. काही खासदार ‘हो की नाही एवढंच सांगा’ म्हणत अंगावर जात होते. जपानी माणसाला असं विचारणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी टोयोटाच्या पद्धतीने चालणाऱ्या ऑडिटला बसलेय, तिथे ‘हो’ म्हणजे फक्त ‘ऐकलं’. त्या संध्याकाळी आपल्या डीलर आणि कामगारांसमोर बोलताना टोयोडांना रडू आलं. ते दृश्य टीव्हीवर फिरफिर फिरवलं.

आमचे बरेच सहकारी म्हणत होते, हा नुसता तमाशा आहे. होताच. निवडणूक त्याच वर्षी नोव्हेंबरात होती. पण मला तो तमाशा चालतो, आणि आजही चालतो, कारण त्या तमाशापायी कागद बाहेर आले.

समितीने कंपनीकडून दस्तऐवज मागवले, त्यात जुलै २००९ चं एक अंतर्गत सादरीकरण सापडलं. वॉशिंग्टनमधल्या कार्यालयाने आपल्या कामगिरीची यादी केली होती. त्यात एक ओळ अशी की २००७ मध्ये मॅटचा रिकॉल फक्त ५५,००० मॅटपुरता मर्यादित ठेवता आल्यामुळे कंपनीचे १० कोटी डॉलर वाचले. हे ‘यश’ या सदराखाली. सॅन दिएगोचा अपघात त्यानंतर दुसऱ्याच महिन्यात झाला. ते पान आमच्या प्लँट मॅनेजरने प्रिंट काढून क्वालिटी बोर्डावर लावलं. खाली काही लिहिलं नाही. आम्हीही कोणी बोललो नाही, कारण रिजेक्शन किती कमी दाखवता येईल यावर आमच्या प्रत्येकाचा बोनस ठरत होता.

एप्रिलमध्ये आणखी एक ईमेल उजेडात आला. कंपनीच्या अमेरिकेतल्या जनसंपर्क विभागातला निवृत्तीला आलेला एक वरिष्ठ अधिकारी १६ जानेवारीला, म्हणजे रिकॉल जाहीर व्हायच्या पाच दिवस आधी, सहकाऱ्यांना लिहितो की आता हे झाकून ठेवण्याची वेळ संपली आहे, खरं काय ते सांगून टाकू या. कंपनीत एक तरी माणूस असा असतो, आणि बहुतेक वेळा तो निवृत्तीला आलेला असतो.

चिकटणाऱ्या पेडलची माहिती वेळेत दिली नाही म्हणून सरकारने टोयोटाला १ कोटी ६४ लाख डॉलरचा दंड केला. तेव्हाच्या कायद्यातली ही कमाल रक्कम. वरच्या यादीतली बचत १० कोटी आणि इथला दंड दीड कोटीच्या घरात. दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रकरणांचे आहेत हे मान्य, तरी ते शेजारी ठेवले की कॉस्टिंगवाल्या पोराला जे कळतं ते सगळ्यांनाच कळतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या संशयाचं काय झालं? सरकारने ते काम थेट नासाकडे दिलं. दहा महिने त्यांनी सॉफ्टवेअरच्या दोन लाख ऐंशी हजार ओळी तपासल्या, आमच्या मिशिगनमधल्याच एका खास प्रयोगशाळेत गाड्यांवर विद्युतचुंबकीय लहरींचा मारा केला. ८ फेब्रुवारी २०११ ला अहवाल आला : भरधाव वेगाने सुटण्यामागे इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही. कारणं दोनच, मॅट आणि पेडल. शिवाय अपघात झालेल्या ५८ गाड्यांच्या रेकॉर्डरमधली माहिती काढली, तर ३५ गाड्यांत ब्रेक दाबल्याची नोंदच नव्हती. आणि तेच लहूड, ज्यांनी ‘चालवू नका’ म्हटलं होतं, पत्रकारांना सांगत होते की मुलीने विचारलं तेव्हा मी तिला टोयोटा घ्यायला सांगितलं. तरी प्रकरण मिटलं म्हणता येत नाही. नासालाच पेडलच्या सेन्सरमध्ये कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढलेले दिसले होते, ज्यांनी शॉर्ट सर्किट होऊ शकतं. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या एका खटल्यात तज्ज्ञाने त्या सॉफ्टवेअरची अब्रू काढली आणि ज्यूरीने टोयोटाविरुद्ध कौल दिला. सापडलं नाही आणि नाही, यात अंतर आहे, हे आम्हा तपासणीवाल्यांना रोजच्या अनुभवाने माहीत असतं.

लोकांचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाची अमेरिकेतली विक्री नऊएक टक्क्यांनी पडली. मार्चमध्ये कंपनीने शून्य टक्के व्याज जाहीर केलं आणि विक्री आदल्या मार्चपेक्षा ४० टक्क्यांनी वाढली. ज्या महिन्यात सिनेटमध्ये सुनावणी चालली होती त्याच महिन्यात. माझ्या जावेने त्याच सेलमध्ये नवीन कॅमरी घेतली. मी तिला नासाचा अहवाल यायचाय म्हटलं तर म्हणाली, ‘अगं, शून्य टक्के आहे!’

मार्च २०१४ मध्ये टोयोटाने फौजदारी खटला टाळण्यासाठी १२० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. दोष होता म्हणून नव्हे; लोकांना आणि सरकारला खोटं सांगितलं म्हणून. मॅटच्या रिकॉलने मूळ कारण मिटलं असं जाहीर करत असताना पेडलचं ठाऊक होतं. पेडलच्या डिझाइनमधला बदल रद्द केला तेव्हा तो लेखी कुठे येऊ नये अशीही खबरदारी घेतली होती. हे मी पुण्यात वाचलं. आम्ही तोवर परत आलो होतो.

त्याच सुमारास जनरल मोटर्सचं इग्निशन स्विचचं प्रकरण फुटलं, आणि खरं सांगते, त्याने मी टोयोटापेक्षा जास्त हादरले. गुडघा लागला किंवा किल्लीला जड जुडगा असला की स्विच ‘रन’वरून मागे सरके, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि नेमक्या धडकेच्या वेळी एअरबॅगही बंद. भरपाई निधीने मान्य केलेले मृत्यू १२४. कारण स्विचमधला छोटा प्लंजर आणि स्प्रिंग. २००६ मध्ये तो प्लंजर बदलून सुमारे दीड मिलिमीटरने लांब केला, आणि पार्ट नंबर तोच ठेवला. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना यातली भीषणता कळणार नाही. पार्ट बदलला की नंबर बदलतो, निदान रिव्हिजन तरी; आमच्याकडे नवीन लागलेल्या डिप्लोमाच्या पोराला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. नंबर तोच राहिल्यामुळे पुढे वर्षानुवर्षं चौकशी करणाऱ्यांना नव्या गाड्यांत हा दोष का नाही हेच कळेना. शेवटी जॉर्जियातल्या एका दाव्यात फिर्यादीच्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा उलगडलं.

मेरी बारा तेव्हा नुकत्याच प्रमुख झाल्या होत्या. इंजिनिअर, जनरल मोटर्समध्येच हयात काढलेली बाई. एप्रिल २०१४ मध्ये सिनेटच्या सुनावणीत सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी त्यांना सुनावलं की एक स्त्री म्हणून दुसऱ्या स्त्रीला सांगते, मी फार निराश झाले आहे. मी ते रात्री लॅपटॉपवर बघत होते, आणि माझं डोकं फिरलं. चार वर्षांपूर्वी टोयोडांना कोणी ‘एक पुरुष म्हणून’ काही ऐकवलं नव्हतं. बारांची उत्तरं मात्र भिकार होती, ‘चौकशी चालू आहे’ यापलीकडे काही नाही, तेही सांगते.

त्या चौकशीच्या अहवालात मात्र रत्नं सापडली. बैठकीत सगळे माना डोलावणार, ‘करू या’ म्हणणार, आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करणार नाही. याला कंपनीत ‘जीएम नॉड’ म्हणत. हाताची घडी घालून दोन्ही बोटं शेजाऱ्यांकडे दाखवायची, तो ‘जीएम सॅल्यूट’. आमच्या चाकणच्या टीमला मी हे वाचून दाखवलं तर लोक खो खो हसले. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण समोर तीन महिने उघडा पडलेला एट-डी रिपोर्ट होता, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय लिहून बंद करायचा तपास अहवाल.

आपल्याकडे काय? नोव्हेंबर २०१० मध्ये नॅनोंना आगी लागल्या तेव्हा टाटा मोटर्सने एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून दिलं, आणि हा रिकॉल नाही असं आवर्जून सांगितलं. २०१२ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने स्वेच्छेने रिकॉल करण्याची एक संहिता आणली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०ए हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलचा हुकूम देऊ शकतं, गाडी सात वर्षांच्या आतली हवी, दंड जास्तीत जास्त १ कोटी रुपये. एक कोटी! आमच्या एका मोल्डिंग मशीनची किंमत याच्या आसपास असते.

मार्च २०२२ मध्ये लोहगावच्या बाजूला रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या स्कूटर जळाल्या. २१ एप्रिलला नितीन गडकरींनी ट्वीट करून कंपन्यांना बजावलं की हलगर्जी आढळली तर जबर दंड करू, त्याआधी स्वतःहून सदोष बॅच परत घ्या. ओलाने १,४४१ स्कूटर परत बोलावल्या, ओकिनावाने त्याआधीच ३,२१५. पुढे बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. गडकरींनी दम दिला हे चांगलंच केलं. पण इथे आणि तिथे मला दिसणारा फरक असा की आपल्याकडे संसदेच्या समित्या दाराआड बसतात. तुम्हाला-मला टीव्हीवर कंपनीचा मालक घाम पुसताना दिसत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे कोणाचं ‘यश’ या सदराखालचं पान बाहेर येत नाही. आमच्या चाकण पट्ट्यातल्या पुढाऱ्यांना कारखान्यांत रस नाही असं नाही. भंगाराचं आणि लेबरचं कंत्राट कोणाला, यात भरपूर रस आहे. प्लंजरच्या लांबीबद्दल अजून कोणी विचारायला आलेला नाही.

लोकांच्या घबराटीबद्दल मी वर तिरकं लिहिलंय, म्हणून ही शेवटची गोष्टही लिहायला हवी. मिनेसोटातला एक माणूस २००६ मध्ये कुटुंबासह घरी परतत होता. त्याची १९९६ ची जुनी कॅमरी हायवेवरून उतरताना थांबली नाही, पुढच्या गाडीवर आदळली, आणि त्यात तीन जीव गेले. तो सांगत राहिला की मी ब्रेक दाबत होतो. कोणी मानलं नाही. त्याच्या स्वतःच्या वकिलानेही ज्यूरीला सांगितलं की याचा पाय ॲक्सिलरेटरवरच असणार. आठ वर्षांची शिक्षा. २०१० मध्ये टोयोटाच्या बातम्यांचा गदारोळ उठला तेव्हा लोकांना त्याची आठवण झाली, नव्या वकिलांनी पुरावे पुन्हा तपासले, आणि अपघातात गेलेल्यांचे नातेवाईकच त्याच्या बाजूने उभे राहिले. ऑगस्ट २०१० मध्ये तो सुटला. त्याची गाडी त्या रिकॉलमध्ये नव्हतीच. तिच्यात इलेक्ट्रॉनिक पेडलही नव्हतं, जुनी तारच होती. २०१५ मध्ये ज्यूरीने त्या अपघाताची जबाबदारी वाटून दिली : टोयोटा ६० टक्के, तो ४० टक्के. माझा नवरा अजून म्हणतो की त्याने चुकीचं पेडल दाबलं असणार. असेलही. पण ती वाहिनी, ती बनावट सुई, ते घाबरलेले मंत्री नसते तर त्याची फाइल २०१० मध्ये कोणी उघडली असती असं मला वाटत नाही.